पितळेचे दहा शब्द

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं फक्त पत्रात.) तुझा खोकला थांबला का? भावजींची नवी कवळी तोंडात असते की अजून खिशातच? इकडे तुझी भावजय ठणठणीत आहे. मी मात्र दोन दिवस नीट जेवलेलो नाही, आणि त्याचं कारण तुझं इंग्रजी व्याकरण.

लहानपणी तू मला इंग्रजीतली अव्ययं शिकवायला बसलीस की मी खिडकीतून पसार व्हायचो. त्याची शिक्षा परवा मिळाली. इथल्या इस्पितळाच्या मेट्रनबाई एकतीस वर्षांनी निवृत्त झाल्या. (या बाई अशा की समोरून आल्या की मोठे डॉक्टरही नखं लपवत.) त्यांच्यासाठी वॉर्डाबाहेर लाकडी पाटी लावायची, त्यावर पितळेचे शब्द ठोकायचे, असं काम मला मिळालं. शब्द दहा. मी पत्र्यातून एकेक कापून, घासून, डब्यात ठेवले. आणि ठोकायच्या दिवशी वाक्याच्या चिठ्ठीवर व्हार्निश सांडलं. चिठ्ठी गेली, शब्द उरले.

फोन करून विचारता आलं असतं. पण सख्खी बहीण इंग्रजीची शिक्षिका, आणि आपण दहा शब्दांसाठी विचारायचं? मी शब्द टेबलावर मांडले आणि डोकं चालवलं. 'आफ्टर' म्हणजे नंतर, तेव्हा तो वाक्यात नंतरच यायला हवा. 'अप' म्हणजे वर, तो आधी. 'अँड' मधोमध, तराजूच्या काट्यासारखा. झालं. 'शी लुक्ड अप टू अस अँड वुई लुक्ड आफ्टर हर.' एकही शब्द उरला नाही, एकही कमी पडला नाही. म्हटलं, गणित सुटलं.

परवा सकाळी पडदा बाजूला झाला आणि टाळ्या वाजल्याच नाहीत. माझ्या शेजारच्या मोठ्या डॉक्टरांनी हळूच मला अर्थ सांगितला. मूळ वाक्य असं होतं, की बाईंनी आम्हाला सांभाळलं आणि आम्ही त्यांना मान दिला. मी केलं होतं की बाई आम्हाला मान देत आणि आम्ही त्यांना सांभाळलं. ताई, 'लुक' म्हणजे बघणं, एवढंच मला ठाऊक. त्याला 'आफ्टर' चिकटला की सांभाळणं, 'अप टू' चिकटले की मान देणं! शब्द तेच, दहाच्या दहा. चिमटीत मावणारे तीन इकडचे तिकडे झाले आणि एकतीस वर्षं उलटी झाली. ('डाऊन ऑन' लावलं असतं तर तुच्छ लेखणं झालं असतं, असंही डॉक्टर म्हणाले. माझ्या डब्यात लिफ्टच्या पाटीतला एक 'डाऊन' शिल्लक होता. देवच पावला.)

बाईंनी चष्मा लावला, पाटी दोनदा वाचली. मी स्क्रू काढायला पुढे झालो, तर त्यांनी हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा याच पोरींनी सहा आठवडे मला अंघोळ घातली. मला कधी बोलता आलं नाही. पाटी बोलली, बरं झालं."

मागे उभ्या असलेल्या त्या पोरी, म्हणजे वॉर्डातल्या आया, पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मीही रडलो. (कमरेमुळे, असं मी डॉक्टरांना सांगितलं.) तेव्हापासून एक कोडं सुटेनासं झालंय: एवढी ताकद त्या चिमुकल्या शब्दांत ठेवली कुणी? आणि तू ही ताकद रोज खडूने फळ्यावर मांडायचीस, पुसायचीस, आणि घरी येऊन शांतपणे भाजी निवडायचीस!

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य मुद्दा राहिलाच. तुझ्या निवृत्तीची पाटी तुझ्या शाळेने माझ्याकडेच दिली आहे. तुला कळू द्यायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, तेव्हा कळलं नाही असं समज. वाक्य आहे: 'बट फॉर हर, वुई वुड बी नोव्हेअर.' मी एकेक शब्द लावून पाहिला. 'पण तिच्यासाठी आम्ही कुठेच नसू.' इतकी वर्षं घसा कोरडा केलास, त्याचं हे फळ? 'बट' आणि 'फॉर' शेजारी बसल्यावर काही निराळंच होत असेल, तर आजच्या आज कळव.

आणखी एक. घाई अशासाठी, की काल मी तुझ्या मुख्याध्यापिकाबाईंना त्यांच्या खोलीत जाऊन बरंच सुनावून आलोय. (त्या 'अहो, ती नसती तर...' असं काहीतरी म्हणत होत्या, मी पुढे बोलू दिलं नाही, मग नुसत्या पाणी प्यायल्या.) अर्थ चांगला निघाला, तर माफी मागायला तुला माझ्याबरोबर यावं लागेल, वाईट निघाला, तर पुन्हा भांडायला.