माझा डावा हात इंचरकडे

मी, चनवीरप्पा रुद्रप्पा गाणिगेर, वय एकोणपन्नास, धंदा हार्मोनियम दुरुस्ती, राहणार धारवाड, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला स्वतःला तेवढी खात्री नाही.

१. राहते घर पत्नी नीलव्वा हिला. तिच्या पश्चात आमचे एकुलते लेकरू इंचर, कागदोपत्री शरणबसव, यास. कारकुनाने विचारले, "मुलगा लिहू का मुलगी, अण्णा?" इंचर म्हणते, दोन्ही नाही. मला ते समजले असे मी शपथेवर सांगू शकत नाही. "लेकरू लिहा," म्हणालो.

२. दुकान, कानशी, पटाश्या, सरसाचे भांडे इंचरला. लहानपणी ते भात्याला कान लावून झोपायचे.

३. थोरला भाऊ गुरुसिद्धप्पा. इंचर मिशी ठेवून, इरकल साडी नेसून गाते, तो व्हिडिओ त्याने भावकीत फिरवला आणि वर मला म्हणाला, "तुझ्या घरात आहे तरी कोण रे?" मला राग आला. आईचा पितळी तांब्या त्याचा. मागायला आला तर द्यावा. तोवर घासून ठेवावा.

४. मागच्या श्रावणात इंचरचा कार्यक्रम इथल्या सभागृहात झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून ते बसले होते. एकेकाने जाऊन डावा तळहात द्यायचा, ते हात धरून त्या हातासाठी गायचे. परक्यांचे हात इतके जवळ का घ्यायचे, मला कळेना. तरी रांगेत उभा राहिलो. माझा हात धरून ते दोन-तीन सूर गायले आणि थांबले. हळूच म्हणाले, "अप्पा, अंगठ्याला पुन्हा पटाशी लागली?"

मी हात काढून घेतला आणि घरी आलो. का, ते अजून सांगता येत नाही. नीलव्वा म्हणाली, "लोक हात द्यायला रांग लावतात, आणि तुम्ही सोडवून आलात!" त्यानंतर इंचर बेंगळुरूहून आलेले नाही. मीही बोलावलेले नाही.

५. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात आणि डाव्या तळहातावर त्याचे गळ्यातले इष्टलिंग ठेवतात. रोज सकाळी पूजेला मी ते त्याच हातावर घेतो. शेवटी ते इंचरने ठेवावे. गुरुसिद्धप्पा म्हणतो, हे काम भावकीतल्या पुरुषाचे. मी मठात जाऊन विचारले. स्वामीजी म्हणाले, "जन्मल्यावर लेकराच्या गळ्यात इष्टलिंग बांधले, तेव्हा मी काही विचारले होते का? हात धुऊन ये म्हणावे, बस."

इंचर येईपर्यंत मला उचलू नये. मिशी, साडी, जसे असेल तसे यावे. मला अजूनही सगळे उलगडलेले नाही. पण त्या वेळी मी हात काढून घेणार नाही.

सही: च. रु. गाणिगेर
साक्षीदार: १. हसनसाब तबलेवाले, शेजारी  २. ईरय्या हिरेमठ, शिक्षक
धारवाड, १२ जानेवारी २०२४