पहिल्या नगाची सेटिंग

आबा, जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर 'सेटिंग' हा शब्द रोज येतो. मुलींच्या बोलण्यात ते कुणाचं तरी प्रेमप्रकरण असतं, कंत्राटदाराच्या तोंडी ओळखीनं मिळवलेलं काम. बदलीसाठी साहेबाला गाठलं, तर तीही सेटिंगच. तुम्ही मात्र तो शब्द एकाच अर्थानं वापरलात. मशीनवर नग पकडायचा, टूल जुळवायचं, माप येईपर्यंत धीर धरायचा. मला शेंद्र्याला तुमच्याच कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा पाचोडच्या आत्यानं विचारलं होतं, "सेटिंग लावली व्हय रे पोरीसाठी?" डबा भरता भरता तुम्ही म्हणालात, "रोजच लावतो, सकाळी सातला. तू बी ये बघायला." आत्या हसली. मला हसू आलं नाही. तो प्रश्न मी मनात ठेवला.

कामाचा नियम तुम्हीच शिकवला होता. सेटरनं मशीन लावायची, पहिला नग तपासणीला द्यायचा, सही होईपर्यंत मशीन बंद. लावणारा आणि सही करणारा एक नको. मी तपासणीला लागल्यावर एका सोमवारी तुमच्या नगावर सही करणारी मी होते. तुम्ही नग कापडानं पुसून माझ्यासमोर ठेवता. मागून एक ऑपरेटर ओरडतो, "आज काय टेन्शन नाय गड्यांनो, बापलेकीची सेटिंग हाय!" सगळे हसतात. मी मायक्रोमीटर लावते, आकडा वाचते आणि नगावर लाल खूण करते. "परत लावा."

तुम्ही नग खिडकीपाशी नेता, स्वतः मापता. आता बोलाल, असं मला वाटतं. "बरं, म्याडम," एवढंच म्हणता आणि जुळवलेलं सगळं मोडून पहिल्यापासून सुरू करता. सुट्टीची घंटा होते, तरी तुम्ही मशीनवर वाकलेले. त्यानंतर मला कुणी कधी चिडवलं नाही.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. आज एका सेटरचा तसाच नग आला, मापाच्या मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. मी लगेच सही केली.

तुमचाही आत होता, आबा. मला तेव्हाच दिसलं होतं. तुम्हालाही.

हा कागद आईला दाखवणार नाही. त्या सोमवारी संध्याकाळी तुम्ही तिला सांगितलंत, "पोरगी लई कडक हाय, बापालाबी सोडत नाय." ती अजून पाहुण्यांना ते कौतुकानं सांगते. मी समोरच बसलेली असते, आणि ऐकून घेते.