निळा सोडून कोणताही

सोमवार, २ जून

झालं ते असं:
१. धाकटा भाऊ माझ्या खोलीत आला. दार न वाजवता.
२. त्याने प्रोजेक्ट रिपोर्ट टेबलावर ठेवला. विषय: बंद पडलेल्या फ्रिजची दुरुस्ती.
३. म्हणाला, ताई, एक कव्हर करून दे ना. निळं. त्यावर पेंग्विन टाक.
४. पेंग्विन ऐकून मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.
५. तो निघून गेला.

तो रेफ्रिजरेशनचा कोर्स करतो. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी सांगितलंय, वीस तारखेच्या आत निकाल दाखव, नोकरी तुझी. आईने हे अर्ध्या गल्लीला सांगून ठेवलंय.

मी मशीन ड्रॉइंगचा डिप्लोमा केलाय. पंपांच्या कंपनीत ड्रॉइंग काढते, साहेब त्यावर लाल पेनने रेघोट्या ओढतात. कव्हर म्हणजे माझ्यासाठी एका संध्याकाळचं काम. उद्या उरकून टाकायचं.

मंगळवार, ३ जून

नमुने म्हणून त्याने मित्रांचे रिपोर्ट आणले. इंद्रधनुष्यी अक्षरं. वेल्डिंगच्या रिपोर्टवर गुलाब. संस्थेचा लोगो कोणी दोन्ही कान धरून ओढल्यासारखा.

निळंच का, असं विचारलं. म्हणाला, आमच्या रेफ्रिजरेशन ट्रेडचे सगळे निळंच देतात. नियम कुठे लिहिलाय? लिहिला नाही गं, माहीत असतं सगळ्यांना. जे लिहिलेलं नाही तो नियम नाही, असं मी त्याला समजावलं. त्याने मान डोलावली. पटलं असावं.

निळा बाद. ताडपत्रीचा रंग आहे तो.

गुरुवार, ५ जून

काल डोकं दुखत होतं, म्हणून काम नाही.

आज नाव ठरलं. ‘बंद पडलेल्या फ्रिजची दुरुस्ती’ हे नाव नाही, दुकानाची पाटी आहे. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर काढतो. थंडी नावाची वस्तूच नसते. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, माहितीये मला, पान सातवर लिहिलंय. मी पान सात पाहिलं नाही. कव्हर करणाऱ्याने आत डोकावलं की हात बिघडतो.

नवं नाव: ‘उष्णता’. एकच शब्द. वर भरपूर मोकळी जागा.

शनिवार, ७ जून

रंग सापडला. तपकिरी. उबदार, पण आव न आणणारा. ऑफिसच्या प्रिंटरवर अकरा छटा काढून पाहिल्या. साहेबांनी विचारलं, पंपाचं ड्रॉइंग कुठंय? सोमवारी देते म्हटलं. त्यांना घाई हा एकच गुण माहीत आहे.

आईला छटा दाखवल्या. म्हणाली, ही मधली छान खरपूस आलीये बघ, पाव भाजल्यासारखी. आईचं या विषयातलं शिक्षण नाही.

मधलीच घेतली. माझ्या कारणांसाठी.

सोमवार, ९ जून

भावाचं नाव आणि ट्रेड खाली उजव्या कोपऱ्यात. बारीक. तपकिरीवर फिकट तपकिरी. तो म्हणाला, ताई, दिसतच नाहीये. म्हटलं, ज्याला हवंय तो जवळ जाऊन वाचेल. म्हणाला, अगं, आज शेवटचा दिवस आहे, दे ते. बाइंडिंग करून संस्थेचं ऑफिस बंद होता होता दिलं म्हणे. आभार मानायचे राहिले त्याच्याकडून.

पुढच्या बॅचची पोरं आता रांग लावणार. नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

बुधवार, ११ जून

आज तोंडी परीक्षा होती. भावाने आल्यावर आईला सांगितलं, मला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

संस्थेच्या ऑफिसात रिपोर्ट रंग बघून कपाटात लावतात. निळे रेफ्रिजरेशनचे, पिवळे वायरमनचे, हिरवे शिवणकामाचे. तपकिरी बेकरीचे. त्याच्या ट्रेडच्या परीक्षकांपुढे त्याचा रिपोर्टच नव्हता, म्हणून नाव पुकारलं नाही. दुपारपर्यंत तो बाकावर बसून राहिला. मग बेकरीच्या परीक्षक बाईंनी बोलावलं आणि विचारलं, तुझे पाव कुठायत रे?

तोवर त्याच्या ट्रेडचे परीक्षक निघून गेले होते आणि त्याच्या निकालावर गैरहजर असा शेरा पडला होता.

बाई एवढंच म्हणाल्या म्हणे, की कव्हर मात्र सुरेख आहे, पावाची पाठ अशीच भाजली गेली पाहिजे. अख्ख्या संस्थेत एकीला तरी नजर आहे.

गुरुवार, १२ जून

रजा टाकून संस्थेत गेले. रंग बघून वर्गवारी करणाऱ्या त्या क्लार्कला चार शब्द सुनावायचे ठरवून गेले होते. दोन सुनावले. तो स्टेपलर शोधत होता. म्हणाला, मॅडम, एवढे रिपोर्ट, एकेक उघडून वाचत बसू का? बरं, तुम्ही तरी हा उघडलात का?

प्रश्न विषयाला सोडून होता. 

निघताना म्हणाला, प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या, बघू. आणि या वेळी निळं.

शुक्रवार, १३ जून

भाऊ बोलत नाही. नवं कव्हर त्याने स्वतः केलं, चहा गार व्हायच्या आत. आई म्हणाली, तू फक्त अर्ज लिही. फक्त.

पान सात पाहिलं. बरोबर आहे. मी सांगितलं त्यापेक्षा दोन वाक्यं कमी.

अर्ज:

मा. प्राचार्य,
माझा भाऊ ११ तारखेला गैरहजर नव्हता. तो बाहेर बाकावर होता. त्याचा रिपोर्ट दुसऱ्या कपाटात गेला, कारण कव्हर तपकिरी होतं. ते मी केलं होतं. त्याने निळं मागितलं होतं. तोच रिपोर्ट पुन्हा सोबत जोडला आहे. कव्हर निळं आहे. पेंग्विन बरोबर मधोमध आहे, मी मोजून पाहिलं. वीस तारखेच्या आत निकाल न मिळाल्यास त्याची नोकरी जाईल. त्याची तोंडी परीक्षा पुन्हा घेता येईल का, हे कृपया बुधवार, १८ जूनपर्यंत कळवावे.