कवेलूवर फेकलेला दात

माहा दात दुधाचा नव्हता, माय. बैलबंडीवरून पडली, समोरचा दात काळा पडला, हिरडी सुजली, आन तू सुताचा फास लावून तो ओढला, छपराच्या कवेलूवर फेकला. म्हणाली, "नवा येते." मी रोज घासलेल्या ताटलीत तोंड पाहे. आला नाई. पाव्हणे पाहाले आले तं तू म्हणाली, "तोंड मिटून बसजो." बसली. आजवर बसली. आता इचारते, कशी आहेस.

माह्या लेकाची पोरगी तिसरीत आहे. गिरडच्या टेकडीच्या पायऱ्यावर आपटली, तोच समोरचा दात. काही महिन्यानं काळा पडला. लेक म्हणे, दुधाचा असन, पाडून टाकू. मी त्याच्याकडं असं पाह्यलं का तो गुपचूप गाडी काढाले गेला. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईनं फोटो काढला. "आजी, हा कायमचा दात आहे, पण मूळ खालून अजून उघडंच आहे. नेहमीसारखं भरलं तर मसाला हाडात उतरेल." दोन दवा सांगतल्या. एक चुन्याच्या जातीची, ती मुळात ठेवाची, बदलत राहाची, महिनेच्या महिने, मंग अंग आपणच बूड बंद करते. दुसरी सिमेटासारखी, ओलीतच घट्ट होते, एकदोन खेपेत बुडाले बूच बसते. मी म्हणलं, चुनाच लावा, अंगानं केलेलं बरं. ती म्हणाली, दोन्हीत मूळ जाड होत नाई, पण चुना लई दिवस राह्यला का दात ठिसूळ होते, पेरू खाताखाता तुटते. मंग मीच म्हणलं, सिमेट भरा.

निघता निघता राहावलं नाई. तुह्या चंचीत चुन्याची डबी राहे. इचारलं, पानाचा चुना भरला असता तं माहा दात वाचला असता का. ती हासली नाई. म्हणाली, "नाही आजी, तोंड भाजलं असतं. तेव्हा गावात कोणालाच जमलं नसतं." एवढ्या वर्षाचा तुह्यावरचा राग, आता तो कुठं ठेवू, सांग.

नात आता सगळे दात दाखवून हासते. मले पाहवत नाई, उठून मोरीत जाते. तू गेली तेव्हा मी तोंडाले पदर लावून बसली होती. बाया म्हणाल्या, पोरीनं रडणं आतच गिळलं. मी दात लपवून राह्यली होती, माय. रडणं आत्ता येऊन राह्यलं.

हा कागद गव्हाच्या कोठीत टाकते, कोणाले दाखवाचा नाई. एकच सांग. नवा दात येते, हे तुले खरंच वाटत होतं, का मी रडू नाई म्हणून म्हणाली? जवाब तूच देजो. बाबाले पुढं करजो नोको. जिंदगीभर तुह्या वाटचं तोच बोलला.