तहान नाही

१४ मार्च २०१६, लातूर

इतिहासात नोंद राहावी म्हणून लिहिते. आज सकाळी मी, वय वर्षं पन्नास, पीएच.डी., अर्ध्या बादलीत आंघोळ केली. त्याच वेळी माझ्या प्रयोगशाळेत अठ्ठेचाळीस उंदीर ताजं, गाळलेलं, मोजून दिलेलं पाणी पीत होते. प्रत्येकाला वेगळी बाटली. बाटली रोज धुवायची! नळाला अकरा दिवस पाणी नाही, पण उंदरांचा कोटा विभागप्रमुखांच्या सहीनं मंजूर आहे. माझ्या कोट्यावर कुणी सही करत नाही.

केरबाला हे गाऱ्हाणं सांगितलं. तीस वर्षं उंदीर सांभाळणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, पुढल्या जन्मी उंदीर व्हा. पर तुमच्या लॅबातला नगा होऊ."

खरं आहे. चोवीस जणांच्या पाण्यात मी तांबं मिसळते. तीन महिन्यांनी सगळ्यांचे मेंदू काढून बघते – पेशी आतून किती जळल्या. कागदावर त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मायला सांगताना म्हणाले होते, मेंदूवर गंज चढतो, मी तो मोजते. माय म्हणाली, "मोजत काय बसलीस, चिंच लाव की." तिच्या घागरीला ती तेच लावते.

१९ मार्च

यशूचं पाकीट आलं. पंचफुलाची, माझ्या धाकट्या बहिणीची लेक. बारावीचे पेपर दिलेत, कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखल्यांच्या झेरॉक्स पाठवल्यात. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात लिहिलंय 'जि. उदगीर'. नवा जिल्हा अजून कुणी दिलेला नाही, पण उदगीरकरांनी घेऊन टाकलाय.

हसले. मग अक्षर बघितलं. गेल्या दिवाळीला पोरगी मोत्यासारखं लिहीत होती. ही अक्षरं बारीक, चिरडलेली, 'उदगीर'चा 'र' तर ओळ सोडून खाली घसरलेला.

भुजंगचं शेवटचं अक्षर असंच होतं.

२० मार्च

झोप नाही. लिहूनच टाकते.

लातूर जिल्हा झाला त्या साली भुजंग तेरा वर्षांचा. मुखेडच्या शाळेत भिंतीवर जुना नकाशा होता. त्यात नव्या जिल्ह्याची हद्द काढायला गुरुजींनी सगळी शाळा सोडून माझ्या भावाला बोलावलं. लाल शाई, एक थेंब सांडला नाही. दोन वर्षांनी त्याच हातात पाण्याचा पेला ठरेना. बोलणं जड झालं, लाळ गळायला लागली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं अभ्यासानं डोकं फिरलं. एका वैदूनं सांगितलं, रोज उपाशीपोटी तांब्याच्या भांड्यातलं पाणी द्या.

आमच्याकडं घागर होती. बापानं पहिल्या पगारात घेतलेली, वस्तीतली पहिली तांब्याची घागर. त्याआधी आमच्या घरात मडकं, आणि त्यात दुसऱ्यानं लांबून ओतलेलं पाणी. माय ती घागर देवघरासारखी ठेवायची – देव नसलेल्या घरात. चार वर्षं तिनं रोज पहाटे त्याला त्यातला पेला पाजला. तोंड धरून, थेंब न सांडता.

अठ्ठ्याऐंशीच्या मेमध्ये तो गेला.

२१ मार्च

पाण्याच्या टाकीजवळ पाचांहून जास्त माणसांनी जमू नये असा हुकूम निघालाय. माझ्या ओळखीची एवढी माणसंच नाहीत.

२६ मार्च, उदगीर

यशूला खिडकीत उजेडाला उभं केलं.

"मावशी, काय बघायलीस?"

"डोळे."

"घारे व्हायलेत ना? मैत्रिणी जळतात."

बुबुळाच्या कडेनं बारीक कड. तपकिरी, जराशी हिरवट. "साहेबावानी डोळे झाले पोराचे," माय भुजंगला म्हणायची. तो गेल्यावर दहा महिन्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एक पुस्तक उघडलं, तर रंगीत पानावर कुणा परक्या माणसाचा डोळा. भुजंगचा डोळा. खाली चार ओळींत सगळं – काळीज, म्हणजे यकृत, तांबं बाहेर टाकू शकत नाही, ते मेंदूत साचतं. आणि पाचवी ओळ – वेळेवर कळलं तर औषध आहे.

मग मी उंदीर पाळायला लागले.

पंचफुलाला आज सांगितलं. ती मामाच्याच घरात दिलेली. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं, असं जुळलं तरच पोरात हा आजार पुरा होतो. ती कणीक तिंबत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुला ठावं होतं. माझं लगीन ठरलं तवा बी ठावं होतं."

"हाव."

"आन बोलली न्हाईस."

एवढे कागद छापले, आणि बहिणीला एक वाक्य नाही. तिला सांगितलं असतं तर मायच्या कानावर गेलं असतं. मायनं चार वर्षांच्या पेल्यांची बेरीज केली असती. मायला वाचवत होते मी. तेव्हा वाटलं होतं, यात कुणाचं काय जातंय.

४ एप्रिल

भुजंग आज सत्तेचाळीसचा झाला असता. टक्कल पडलं असतं. आमच्याकडं सगळ्या बाप्यांना पडतं. मला त्याचं टक्कल बघायचं होतं.

६ एप्रिल

रक्त, लघवी, डोळे, सगळं तपासून झालं. तेच आहे. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत, वर्षभरात हात वळणावर येईल. गोळ्या जन्मभर. शेंगदाणे बंद, तीळ बंद, कलेजी बंद, तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद.

यशू म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी बंद? मग वाचून काय करू?"

पंचफुला हसली. सव्वीस तारखेनंतर पहिल्यांदा. माझ्याकडं बघून नाही.

पण यशू दर उन्हाळ्यात महिनाभर आजीकडं मुखेडला राहते. आजी तिला घागरीतलं पाणी देते. घागर तिच्याच नावावर करून ठेवलीय. पंचफुला म्हणाली, "मायला तू सांग. तुझं काम हाय ते."

१२ एप्रिल

रेल्वेनं पाणी आलं. स्टेशनवर लोक गाडीला हार घालत होते म्हणे. केरबा म्हणाला, "पाण्याला तिकीट मिळालं, माझ्या पोराला न्हाई मिळत."

मी उद्या मुखेडला. बॅगेत पाण्याची बाटली घातली. मुखेडला जाताना मी पाणी घेऊनच जाते. एकोणनव्वदच्या मेपासून. त्या वेळी ते पुस्तक वाचून घरी गेले होते, सात तास एसटीत बसून. मायनं उंबऱ्यातच पेला पुढं केला, घागरीतला. मला त्या पाण्यानं काही होणार नव्हतं, हे मला पाठ होतं. हात पुढं झाला नाही. म्हणाले, तहान नाही.

मेच्या उन्हात!

१३ एप्रिल, मुखेड

गल्लीत टँकर सहा दिवसांनी आला. मायनं, वय अठ्ठ्याहत्तर, रांगेत उभं राहून घागर भरून घेतली. जयंतीसाठी चिंच-मिठानं घासलेली, आरशासारखी. वर पांढरं फडकं.

मला चहा दिला. पाणी विचारलं नाही. कधीच विचारत नाही.

आज बोलायला जमलं नाही.

१४ एप्रिल

सकाळी वंदना झाली. माय पांढऱ्या लुगड्यात. सगळी वस्ती निळी. दुपारी मिरवणूक पुढं गेली, गल्ली रिकामी झाली, तेव्हा सांगितलं. यशूचं आधी. मग पुस्तकातल्या डोळ्याचं. मग घागरीचं.

माय घागरीकडं बघत राहिली.

"म्या मारलं व्हय त्याला?"

"न्हाई माय. मडक्यातलं पाजलं असतंस तरी झालंच असतं. ज्वारीत तांबं असतं, शेंगदाण्यात असतं. त्याच्या काळजाला ते बाहेर काढता येत नव्हतं. अर्धं तुझ्यात हाय, बापात होतं, पंचफुलात हाय."

"पाण्यानं वाढलं आसंल की."

अठरा वर्षं मी हेच मोजते. खोटं बोलता आलं नाही. "थोडं. आसंल."

तिनं मान हलवली. रडली नाही. फडकं नीट केलं. मग, घागरीलाच सांगितल्यासारखं –

"म्हणून माझ्या घरचं पाणी पीत नव्हतीस व्हय? मला वाटलं शिकलीस, मोठ्या जागी गेलीस. आता मायचं बी पाणी तुला चालंना."

सत्तावीस वर्षं.

१५ एप्रिल

यशूसाठी नवं मडकं आणलं. घागर आहे तिथंच राहणार, माय म्हणाली, कोरडी.

रिकामी करण्याआधी मी तिच्याकडं पाणी मागितलं. तिनं पेला भरून दिला. सगळा प्याले.