डोळा माझा, विचारलं मुलाला

प्रिय ताई,

त्या सकाळी दूध तापवून मी चादरींच्या घड्या घालत होते. डाव्या डोळ्यापुढे कडेने काळं काहीतरी सरकलं. चादरच आडवी आली वाटून मी ती दोनदा बाजूला केली! काळजी करू नकोस, ऑपरेशन झालंय. मान खाली ठेवूनच लिहितेय, म्हणून अक्षर असं.

डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय. मला नव्हे, तुझ्या भाच्याला म्हणाले. पडदा दाबून धरायला डोळ्यात वायू भरायचा की तेल, हे दोघांनी परस्पर ठरवलं. वायूला आठवडाभर मान खाली ठेवावी लागते, ते आईला झेपणार नाही, म्हणून तेल. ते काढायला पुन्हा ऑपरेशन, हे मी खोदून विचारल्यावर कळलं.

"आई, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"डोळा कुणाचा आहे रे? जन्मभर मान खाली घालून वाचत आले, आणि मला झेपणार नाही?"

डॉक्टर हसले. मी नाही हसले. मग त्यांनी चित्र काढून समजावलं. माझ्या डोळ्याला दोन्ही चालण्यासारखं होतं.

ह्यांच्या आजारपणातही सगळं असंच परस्पर ठरलं होतं, आणि मी डबा धरून दाराबाहेर उभी होते. अजून तिथेच उभी असते मी, ताई.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस.

दुसऱ्या दिवशी संमतीच्या कागदावर मी स्वतः 'वायू' लिहिलं आणि खाली सही केली.

तुझी हट्टी धाकटी