पुढच्या सीटवरून

प्रिय एमेशे,

रविवारी फोनवर तू विचारलंस, सहल कशी झाली, आणि मी 'छान' म्हणून विषय संपवला. तुला ते खटकलंच असणार. दहा मिनिटांची गोष्ट तासभर सांगणारी तुझी आई एका शब्दात आटोपते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मुरतंयच. ईस्टरला भांडी विसळताना तू म्हणाली होतीस, "आई, बाबांच्या जागी कुणी आलेलं मला बघवणार नाही." तेव्हा कुणी नव्हतंच, म्हणून मी हसून सोडून दिलं. पण ते वाक्य काही कानातून गेलं नाही, आणि फोनवर बोलायचा धीर झाला नाही. तेव्हा हे पत्र. सावकाश वाच, मध्येच उठून फोन करू नकोस.

चार दिवसांत सायकलवरून बालातोन तळ्याला पुरता वेढा, असा बेत होता. लायब्ररीच्या गटातले आम्ही अकरा जण. एतेल्का तुला आठवत असेल, तुमच्या शाळेत कवायत घ्यायची. निवृत्त झाली तरी तोंडातली शिटी सुटलेली नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने माझी सायकल काढून घेतली आणि दोघांनी मिळून चालवायच्या एका लांबलचक सायकलीवर मला पुढे बसवलं. मागे काल्मान. तीस वर्षं सांतोदच्या फेरीबोटीवर होते. गेल्या दहा वर्षांत त्यांची दृष्टी हळूहळू गेली. एरवी पुढे बसणाऱ्या भाच्याचा पाय मुरगळला होता. मी म्हटलं, मला जमायचं नाही, दोघंही तळ्यात जाऊ. एतेल्का म्हणाली, तू नुसती बडबड कर, ती तर तुला येतेच. मग काय, चार दिवस सगळ्यांनी मला छळलं. बाकीच्यांच्या मांड्या दुखणार, पिरोश्काचा जबडा.

पहिल्या दिवशी मी 'वळण', 'खड्डा', 'ब्रेक' एवढंच ओरडत होते. फोन्योद मागे पडल्यावर काल्मान म्हणाले, खड्डा ढुंगणाला आपोआप कळतो, तू पाण्याचा रंग सांग. हिरवा, म्हटलं. कसला हिरवा? आता आली का पंचाईत. मी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हटलं, काकडीचं गार सूप करताना त्यात दही ढवळल्यावर होतो तसला. ते इतके खूश झाले की सायकल डुलायला लागली. मग मला चटकच लागली. दूरवर कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसं सांगितली, बोटांएवढी दिसणारी, कुठे जायची घाई नसल्यासारखी. लेल्लेच्या पुढे ऊन पाण्यात इतकं विरघळलं होतं की किनारा कुठे संपतो ते कळेना, तेही सांगितलं. मागून त्यांचे पाय, पुढे माझी जीभ. मधेच वाटायचं, सायकल हलतच नाहीये, तळंच आपल्याभोवती सावकाश फिरतंय. तिहानीला लव्हेंडर फुललाय हे मात्र त्यांनीच मला आधी सांगितलं, वासावरून.

तिसऱ्या दिवशी दुपारी, रेव्हफ्युल्योपच्या अलीकडे, मी सांगितलं की दूर एक होडी चाललीय. पांढरं शीड, आणि खालच्या कोपऱ्यात निळं ठिगळ.

त्यांनी पायडल मारणं थांबवलं. मग म्हणाले, "पिरोश्का, आज पाण्यावर एकही शीड नसणार. वारा ऐक."

मी ब्रेक दाबला. काठावरचे वादळाचा इशारा देणारे दिवे भराभर लुकलुकत होते. ते बघून आपल्याकडची पोरंसुद्धा पाण्यातून बाहेर येतात, आणि साठ वर्षं या तळ्याकाठी काढलेल्या मला ते दिसलेच नव्हते. पाणी करडं आणि रिकामं होतं. त्यांचे डोळे म्हणून मला पुढे बसवलेलं, आणि मी नसलेलं दाखवत होते.

"कुणाची होती ती होडी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

कुणाची ते तुला कळलंच असेल. "माझ्या देझ्योची," म्हटलं. तुझ्या शाळेच्या झग्याचा घेर कापून ते ठिगळ मीच शिवलं होतं, आणि बाबा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटले होते. पाऊस कोसळायला लागला तसे आम्ही गरम तळलेल्या लांगोशच्या टपरीच्या छपराखाली शिरलो. हातातला लांगोश गार होऊन चामडं झाला, मी बोलतच होते. शेवटच्या हिवाळ्यात मी बाबांवर दोनदा खेकसले होते, ते आजवर तुलाही सांगितलं नव्हतं. तेही सांगून टाकलं. काल्माननी माझी समजूत घातली नाही की हातावर हात ठेवला नाही. पाऊस थांबल्यावर रुमालाने माझी सीट चाचपून पुसली आणि म्हणाले, "यापुढेही असंच सांगत जा. असलेलं सांग, नसलेलंही सांग. देझ्यो मलाही दिसू दे."

उरलेली वाट मी रडत सायकल चालवली. एतेल्काला वाटलं, पाय दुखतायत.

चौथ्या दिवशी केस्तहेयच्या धक्क्यावर, सगळे बिअरच्या रांगेत असताना, त्यांनी मला विचारलं. मी तुझ्याशी बोलून सांगते म्हणायला हवं होतं. म्हणायचं ठरवलंही होतं. पण तोंडातून 'हो' निघून गेलं, आणि ते मला परत घ्यायचं नाहीये. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही लग्न करतोय. बाबांची जागा त्यांनी मागितलेली नाही, एमेशे, आणि मी ती कुणाला देणारही नाही. तू रागावशील. रागावूनच ये, पण ये. तुझ्याआधी त्यांना सांगितलं, याची मी तुझी माफी मागते. हो म्हटल्याची मागत नाही.

आहे तशी तुझीच,
आई